ऑक्टोबरात पेरायचे, एप्रिलमध्ये गाडायचे

मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव परके नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि शाळेच्या बक्षीस समारंभापासून घरच्या कपाटापर्यंत सगळीकडे पोचले. कार्व्हर म्हटले की भुईमूग, हे समीकरणही आपल्या मनात पक्के झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र भुईमूग नाही. भुईमुगावरच्या त्यांच्या गाजलेल्या पत्रिकेच्या तेरा वर्षे आधी कार्व्हर यांनी ज्या पिकावर स्वतंत्र पत्रिका लिहिली ती चवळी, आणि त्यांच्या शेजारच्याच तालुक्याएवढ्या अंतरावर एका गोऱ्या प्राध्यापकाने ज्या हिवाळी पिकांवर प्रयोग मांडला ती क्लोव्हर व व्हेच, यांची ही हकिकत आहे.

मी कृषिशास्त्राचा पदवीधर नाही आणि इतिहासाचाही नाही. नोकरी सांभाळून गेली काही वर्षे शेतीच्या इतिहासाची कागदपत्रे वाचत आलो. त्या वाचनात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा आला. जमीन उघडी ठेवू नये, मुख्य पिकानंतर तीत शेंगवर्गीय पीक घ्यावे आणि ते जमिनीतच गाडावे, हे शेतकऱ्यांना शेकडो वर्षे ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळेनेही ते सिद्ध केले. मग ज्या प्रदेशाला या ज्ञानाची सर्वांत जास्त गरज होती, तिथे ते शेतात का उतरले नाही? अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या कापूसपट्ट्यात या प्रश्नाचे उत्तर जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

आच्छादन पीक म्हणजे काय

आपल्याकडे या कल्पनेसाठी जुना शब्द आहे: बेवड. कोणत्या पिकामागून कोणते पीक घेतले तर जमीन सुधारते, याचे गणित त्यात सामावलेले असते. तूर किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला असे शेतकरी म्हणतो. ताग किंवा धैंचा पेरून, फुलोऱ्यात येताच नांगराने गाडायचा, ही हिरवळीच्या खताची रीतही आपल्या परिचयाची आहे. इंग्रजी शेतीग्रंथांत ज्याला आच्छादन पीक म्हणतात ते याच कुळातले. फरक इतकाच, की त्याचे पहिले काम जमीन झाकण्याचे. दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन उघडी राहू नये, पावसाने माती वाहू नये, उरलेले अन्नांश झिरपून जाऊ नयेत, म्हणून ते पेरतात. शेंगवर्गीय असेल तर त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. पीक गाडले की तो नत्र पुढच्या पिकाला मिळतो.

मुळांवरच्या गाठींचे हे रहस्य जर्मनीतील हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात उलगडले. बायरिंक यांनी १८८८ मध्ये तो जिवाणू वेगळा काढला. आपली गोष्ट सुरू होते १८९६ साली. म्हणजे तेव्हा हे शास्त्र अवघे दहा वर्षांचे होते.

अलाबामाच्या हवामानाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपला हिवाळा कोरडा असतो. तिथे वर्षभरात साधारण १३० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा डिसेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो. कापूस वेचून झाला की नेमक्या त्याच महिन्यांत शेत उघडे पडलेले असते. उतारावरची हलकी वाळूसर माती प्रत्येक सरीबरोबर ओढ्याला जाते. शेतांत घळी पडतात, वर उरते ती लाल चिकण. त्यामुळे तिथे आच्छादन पिकाचा हंगाम म्हणजे हिवाळा: ऑक्टोबरच्या सुमारास पेरायचे आणि एप्रिलमध्ये गाडून त्यावर कापूस किंवा मका घ्यायचा. हे दोन महिने वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढची सगळी कथा त्यांच्याभोवती फिरते.

एकाच वर्षी दोन शेते

१८९६ साली अलाबामात दोन माणसे आली. एक जॉन फ्रेडरिक डगर. ते ऑबर्न येथील राज्याच्या कृषी व यांत्रिकी महाविद्यालयात शेतीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. दुसरे कार्व्हर. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस आयोवातून पदव्युत्तर पदवी घेऊन बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगीच्या संस्थेत आला. ऑबर्न ली परगण्यात, टस्कीगी लगतच्या मेकन परगण्यात. दोन्ही गावांमधले अंतर सुमारे तीस किलोमीटर. पण त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात वंशभेदावर आधारित वेगळेपणाला कायद्याचा शिक्का दिला होता. ऑबर्नच्या महाविद्यालयात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. माती एक, हवामान एक, पीक एक, आणि तरीही हे दोन वेगळे देश होते.

डगर यांनी ऑबर्नला एक एकर जमिनीत तेरा वाफे आखले. काहींत दरवर्षी फक्त कापूस, दुसरे काही नाही. काहींत दरवर्षी कापूस, पण हिवाळ्यात क्लोव्हर किंवा व्हेच. काहींत कापूस आणि मका आलटून पालटून. काहींत तीन वर्षांचा फेर: कापूस, मका, मग हिवाळी धान्य आणि त्यामागून चवळी. (पुढे चवळीची जागा सोयाबीनने घेतली.) क्लोव्हरची ओळख हवी असेल तर आपल्याकडचे बरसीम आठवावे, दोन्ही एकाच घराण्यातली. व्हेच ही एक नाजूक शेंगवेल. डगर यांचा प्रश्न साधा होता: विकतचा नत्र न देता, केवळ हिवाळी शेंगवर्गीय पिकाच्या आधारावर कापूस तग धरेल काय?

हा प्रयोग आजही चालू आहे. ‘ओल्ड रोटेशन’, म्हणजे ‘जुना फेरपालट’, या नावाने तो ओळखला जातो. कापसावरचा हा जगातला सर्वांत दीर्घकाळ अखंड चाललेला प्रयोग मानला जातो, आणि १९८८ साली त्याची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. एखादा किल्ला किंवा वाडा नव्हे, तर एक एकर शेत ऐतिहासिक स्थळ ठरावे याचे मला आजही अप्रूप वाटते. उत्तर तर फार लवकर मिळाले होते. ज्या वाफ्यांत नत्रही नाही आणि शेंगवर्गीय पीकही नाही, ते दरिद्री झाले. ज्यांत हिवाळी पीक गाडले गेले, ते विकतच्या नत्राच्या बरोबरीने उभे राहिले आणि त्यांच्या मातीतला सेंद्रिय अंशही स्पष्टपणे वाढला. हिवाळ्यात अलाबामाची शेते हिरवी दिसली पाहिजेत, हा डगर यांचा आयुष्यभराचा आग्रह राहिला.

टस्कीगीत साधने तुटपुंजी होती. अमेरिकन संसदेच्या १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या मुख्य प्रयोगक्षेत्राला वर्षाला १५,००० डॉलर मिळत. टस्कीगीच्या प्रयोगक्षेत्राला अलाबामाच्या विधिमंडळाने १८९७ साली मंजूर केले वर्षाला १,५०० डॉलर. एका शून्याचा फरक. तेवढ्यात कार्व्हर यांनी झिजलेल्या जमिनीचे वाफे हाती घेतले, आणि आपले निष्कर्ष छोट्या पत्रिकांतून छापायला सुरुवात केली.

उधारीची वही

या पत्रिका ज्यांच्यासाठी होत्या ते कोण होते? मेकन परगण्यात कृष्णवर्णीयांचे मोठे बहुमत होते आणि त्यांतल्या बहुतेकांची स्वतःची जमीन नव्हती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मजुरी द्यायला मालकाकडे रोख नाही, जमीन घ्यायला मुक्त झालेल्या माणसाकडे पैसा नाही. त्यातून वाटेकरी पद्धत जन्मली. जमीन, खेचर, अवजारे, बी मालकाचे, मेहनत कुटुंबाची, कापूस अर्धा-अर्धा. आपल्या अर्धेलीशी तिचे साम्य कुणाच्याही ध्यानात येईल.

पण हंगाम निघेपर्यंत खायचे काय? त्यासाठी गावातला दुकानदार किंवा मालक स्वतःच मक्याचे पीठ, डुकराचे खारवलेले मांस, कापडचोपड उधार देई. तारण काय, तर अजून न उगवलेले पीक. उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा, त्यावर व्याज, आणि वही देणाऱ्याच्या हातात. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाला वहीतला आकडा मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे. देणेकऱ्याला तारण म्हणून एकच पीक चाले, ते म्हणजे कापूस. कापूस कधीही विकता येतो, साठवता येतो आणि मुख्य म्हणजे कूळ तो रात्री शिजवून खाऊ शकत नाही. म्हणून झोपडीच्या दारापर्यंत कापूस लावायचा दंडक पडला.

आता ते दोन महिने आठवू या. वाटेकऱ्याचा करार एका वर्षाचा. हिशेब नाताळच्या आसपास होई. हिशेब पटला नाही, देणे अंगावर राहिले किंवा मालकाची मर्जी फिरली, की कुटुंब जानेवारीत गाडीवर बिऱ्हाड लादून दुसऱ्या शेतावर जाई. दर एक-दोन वर्षांनी घर बदलणारी कुटुंबे या पट्ट्यात कितीतरी होती. जो माणूस ऑक्टोबरात क्लोव्हर पेरील, तो एप्रिलमध्ये ते गाडायला त्याच शेतावर असेल याची खात्री नव्हती. गाडलेल्या नत्राचा कापूस तर त्याहून पुढे, पुढच्या शरदात. बी रोखीने आणायचे. आणि कापसाची वेचणी लांबली तर शेत मोकळेही होत नाही.

मालकाला तरी त्यात रस होता का? त्याला या वर्षीच्या गाठी हव्या होत्या. त्याच्यावर शहरातल्या सावकाराचे कर्ज होते, आणि त्या सावकारालाही क्लोव्हर नको होते, कापूसच हवा होता. जमीन मालकाची पण मेहनत कुळाची, पेरणी कुळाची पण पुढचे वर्ष मालकाचे. अशा ठिकाणी मातीची काळजी घेणे हे कुणाचेच काम राहत नाही. आच्छादन पीक म्हणजे शेतकऱ्याने पुढच्या वर्षाच्या शेताला दिलेले कर्ज. ज्याला पुढचे वर्षच आपले नाही, तो ते कर्ज का देईल?

त्या काळच्या कृषी-प्रचारकांच्या लिखाणात कुळाच्या आळसाबद्दल आणि अडाणीपणाबद्दल पुष्कळ मजकूर सापडतो. मला तो कधीच पटला नाही. वाटेकरी हिशेब चोख करत होता. त्या हिशेबात क्लोव्हर बसत नव्हते.

चवळीचा तोडगा

या पार्श्वभूमीवर कार्व्हर यांच्या पत्रिका वाचल्या की त्यांचे वेगळेपण ध्यानात येते. १९०३ साली निघालेली त्यांची पाचवी पत्रिका फक्त चवळीवर आहे. १९०५ च्या सहाव्या पत्रिकेचा विषय झिजलेली जमीन कशी सुधारावी हा. चवळी हे मूळ आफ्रिकेतले पीक. गुलामांच्या जहाजांबरोबर ते अमेरिकेत पोचले. आपण उसळीला आणतो तीच ही चवळी. शास्त्रीय जातही तीच.

कार्व्हर यांनी चवळीच का निवडली, याचे माझे उत्तर असे: भूमिहीनाला परवडेल असे तेच एक आच्छादन पीक होते. ती उन्हाळ्यात येते, म्हणजे पेरणी आणि लाभ दोन्ही एकाच कराराच्या वर्षात बसतात. मक्याच्या शेवटच्या खुरपणीला ओळींच्या मध्ये टाकता येते, म्हणजे कापसाची जागा अडत नाही. बी घरचे ठेवता येते. शेंगा माणसांना, पाला खेचराला आणि गाईला, मुळे जमिनीला. पत्रिकेत चवळी शिजवण्याच्या कृतीही आहेत, आणि त्या केवळ गृहिणींच्या सोयीसाठी दिल्या असतील असे मला वाटत नाही. जे पीक ताटात येते, ते उधारीच्या वहीतली एक ओळ कमी करते. प्रयोगक्षेत्रावरच्या तज्ज्ञाला नत्र दिसत होता. कार्व्हर यांना नत्राबरोबर दुकानदारही दिसत होता.

खताबाबतही त्यांची दृष्टी हीच. रानातला पालापाचोळा, दलदलीतला कुजका गाळ, घरचे शेणखत, जे जे पैसे न देता मिळते ते ते शेतात न्या, असे ते सांगत राहिले. १९०६ पासून मॉरिस जेसप यांच्या देणगीतून बनवलेली खेचरांची गाडी अवजारे, बियाणे आणि नमुने घेऊन गावोगाव फिरू लागली. कागद वाचू न शकणाऱ्यापर्यंत पोचण्याचा तो मार्ग होता.

तरीही मर्यादा होतीच. कार्व्हर करार बदलू शकत नव्हते. १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामातील कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला होता, आणि टस्कीगीची संस्था गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर उभी होती. पत्रिकांत माती, बी आणि शिजवणे यांवर भरपूर आहे. उधारीच्या कायद्यावर तोंड उघडणे त्यांना परवडणारे नव्हते. ज्यांनी थोडीबहुत जमीन विकत घेतली, त्यांच्या शेतात त्यांचा सल्ला रुजला. वाटेकऱ्यांपर्यंत तो पोचला, पण बांधाच्या आत फारसा शिरला नाही.

सरकार पैसे देते तेव्हा

१९३० च्या दशकात चित्र पालटले. कापसाचे भाव कोसळले होते आणि देशभर मातीच्या धुपीची चर्चा होती. १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने कापसाखालचे क्षेत्र कमी करण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये त्या कायद्याचा गाभाच रद्द ठरवला, तेव्हा संसदेने फेब्रुवारीअखेर नवा मृद्‌संधारण कायदा केला. त्यात पिकांचे दोन गट पडले: माती झिजवणारी आणि माती राखणारी. कापूस पहिल्या गटात, क्लोव्हर, व्हेच, चवळी दुसऱ्या गटात. पहिल्यातून क्षेत्र काढून दुसऱ्याकडे वळवले, की सरकारकडून पैसे. डगर चाळीस वर्षे जे सांगत होते, त्यासाठी आता प्रथमच कुणीतरी पदरचा खर्च करायला तयार झाले. हिवाळी शेंगवर्गीय पिके अलाबामात खऱ्या अर्थाने पसरली ती या काळात.

पण पैसा जमिनीच्या मालकाच्या हातून वाटला जात होता. १९३३ च्या करारांत वाटेकऱ्याच्या वाट्याला फारच थोडे आले, आणि त्या थोड्याचाही हिशेब मालकच करत होता. शिवाय कापसाचे क्षेत्र घटले म्हणजे वाटेकऱ्यांची गरजही घटली. मालकांनी कुळे काढली, मजुरीवर माणसे ठेवली, हाती आलेल्या पैशातून पुढे ट्रॅक्टर घेतले. आर्कान्सामध्ये १९३४ साली गोऱ्या-काळ्या कुळांनी मिळून संघ उभारला, त्यामागे हेच कारण होते. ऑबर्नपासून फार दूर नसलेल्या कॅम्प हिल येथे १९३१ मध्येच कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांच्या संघटनेवर गोळ्या चालल्या होत्या.

म्हणजे ज्या कायद्यांच्या काळात जमिनीवर हिरवे पांघरूण आले, त्याच काळात त्या जमिनीवरची माणसे उठवली गेली. हा योगायोग नव्हे. मातीला पैसे मिळाले ते सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्याचे नाव होते त्याच्या हातून, आणि त्याच्या दृष्टीने कुळाचे बिऱ्हाड आता नुसता खर्च होता.

स्वस्त नत्र आणि परतीची वाट

पुढची पायरी तर अलाबामातच घडली. राज्याच्या उत्तरेला मसल शोल्स येथे पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी नत्राचा कारखाना बांधला होता. १९३३ नंतर तो टेनेसी खोरे प्राधिकरणाकडे आला आणि खतसंशोधनाचे मोठे केंद्र बनला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातला नत्र इतका स्वस्त झाला, की क्लोव्हरचे बी आणणे, पेरणे, एप्रिलमध्ये गाडणे हा सगळा खटाटोप मालकाला व्यर्थ वाटू लागला. हिवाळी शेते पुन्हा उघडी पडली. ऑबर्नच्या तेरा वाफ्यांत मात्र क्लोव्हर दर शरदात पेरले जात राहिले.

शतकाच्या शेवटी नांगरट कमी करण्याची पद्धत आली, खताचे दर वाढले, आणि आच्छादन पीक पुन्हा कृषिखात्याच्या पत्रकांत झळकू लागले. १९९७ पासून ‘जुन्या फेरपालटा’तही नांगर थांबला, पीक आता गाडण्याऐवजी वरच मारून त्याच्या आच्छादनात कापूस पेरतात. आज अमेरिकेत आच्छादन पिकांसाठी सरकारी मदत आहे, परिषदा आहेत. कार्व्हर यांचे नावही तिथे आदराने घेतले जाते. पण ज्यांच्यासाठी त्यांनी चवळीची पत्रिका लिहिली, ते कुठे आहेत? १९२० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९९७ मध्ये ते वीस हजारांच्याही खाली गेले होते. माती सुधारण्याचे ज्ञान शेवटी शेतात आले, तेव्हा ते घेणारे हात शेतातून गेले होते.

हे सगळे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्यानंतर अनेक मालक कागदावर कूळ दाखवायला धजत नाहीत. खंडाने किंवा वाट्याने दिलेली जमीन बहुधा तोंडी बोलीवर, एका वर्षासाठी जाते. तो खंडकरी ताग का पेरत नाही, असे विचारणारे लेख मी दरवर्षी वाचतो. अनुदानाच्या बहुतेक योजनांचा अर्ज सातबाऱ्यावरच्या नावाने होतो. पेरणारा दुसराच असतो. त्याला ज्ञान नाही असे म्हणणे सोपे आहे. खंडाची बोली तीन किंवा पाच वर्षांची आणि लेखी झाली, आणि बियाण्याची मदत पेरणाऱ्याच्या हाती गेली, तर त्याचे उत्तर काय येते ते आधी पाहावे.

ऑबर्नचा तो एक एकर सव्वाशेहून अधिक वर्षे सुपीक राहिला. त्याचे श्रेय क्लोव्हरला आहेच. पण त्या सबंध काळात त्याला कसणारी संस्था एकच होती, आणि नाताळात तिला कुणी हिशेब करून बाहेर काढले नाही, ही गोष्टही त्या श्रेयात धरली पाहिजे.